१८ ऑगस्टला फळ्यावर काय लिहू?

खाडीकाठचा मास्तर
आमच्या शाळेत दिनविशेष लिहायचं काम नऊ वर्षं माझ्याकडे आहे. फळ्याचा डावा कोपरा, वर तारीख, खाली चार ओळी. मुलं ते वाचत असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी १८ ऑगस्टला नेहमीचंच लिहिलं: '१८६८ – लॉकियर साहेबाने विजयदुर्गावरून खग्रास सूर्यग्रहण पाहिले, हेलियमचा शोध लागला.' आपल्या देवगड तालुक्याची गोष्ट, म्हणून ही ओळ रंगीत खडूने.

पाऊस असा, की पत्र्याच्या आवाजात हजेरी ओरडून घ्यावी लागत होती. व्हरांड्यातल्या छत्र्यांचं पाणी थेट वर्गात येत होतं. सातवीतली एक मुलगी फळ्याकडे बघून म्हणाली, "सर, साहेबाला सूर्य दिसला कुठून?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण उत्तर काही सुचेना. किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे (काही जण कट्टे म्हणतात) मी स्वतः सहलीत पोरांना दाखवलेत हो! तारीख पुन्हा जवळ आलीय. जाणकारांनी सांगावं. सोबत एखादी हलकीफुलकी ओळही सुचवा.

कोरडा जांभा
त्या मुलीला माझ्याकडून हापूसची पेटी, पण मे महिन्यात.

१८ ऑगस्ट १८६८चं ग्रहण खरं, भारतातून दिसलं हेही खरं. पण ते मुद्दाम बघायला आलेला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. लॉकियर तेव्हा इंग्लंडात युद्धखात्यात कारकुनी करत होता आणि फावल्या वेळात सूर्य बघत होता. त्याने मागवलेला वर्णपटदर्शक (प्रकाशाचे रंग वेगवेगळे करून दाखवणारं उपकरण) वेळेत तयारच झाला नाही (कारागीर सगळीकडचे सारखेच). तो हातात पडला ऑक्टोबरात. २० ऑक्टोबरला त्याने ग्रहण नसतानाच सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांशेजारी तिसरीच एक पिवळी रेषा होती, ती पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. ग्रीकमध्ये सूर्य म्हणजे हेलिओस, म्हणून नाव हेलियम. हा वायू पृथ्वीवर हाती लागला तो थेट १८९५ साली, रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाला.

आता तुमचे ओटे. लॉकियर विजयदुर्गाला आला होता, नक्की आला होता, पण २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाला. 'मेल्पोमिनी' या युद्धनौकेवरचे खलाशी हाताशी धरून त्याने किल्ल्यावर दुर्बिणी मांडल्या. जानेवारीत आपल्याकडे आभाळ कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको. पुढे कधीतरी दोन ग्रहणांची गाठ मारली गेली.

वाघोटनचो झील
मास्तरांनू, ऑगस्टात आमचे कपडे सुकनत नाय, सायबाक सूर्य खयसून दिसतलो? ह्यां माका आधीच इचारूक होयां होतां. पन ओट्यांका हात लावू नकात. ल्हानपणी आमी थंयसरच बसान बोरां खाल्ली. १८९८ म्हना, चलात. सायब आमचोच.

खाडीकाठचा मास्तर
पण मग किल्ल्यावर दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा करतात त्याचं काय?

कोरडा जांभा
करू देत की. हेलियमच्या कहाणीची सुरुवात त्याच ग्रहणापासून धरतात, तारीख चुकीची नाही. फक्त त्या दिवशी साहेबाला किल्ल्यावर उभं करू नका.

दादरचा चाकरमानी
गणपतीच्या तिकिटांच्या रांगेत उभा आहे, म्हणून मोबाईलवरून लिहितोय. मास्तर, हलकंफुलकं हवं तर १८ ऑगस्ट म्हणजे खजिना. पहिले बाजीराव १७००, गुलजार १९३४, संदीप पाटील १९५६, दलेर मेहंदी १९६७, सगळ्यांची जन्मतारीख ही! एकाने घोडा दौडवला, एकाने चंद्रावर कविता केल्या, एकाने १९८२ साली मँचेस्टरला बॉब विलिसच्या एका षटकात सहा चौकार हाणले (एक नोबॉल होता, म्हणून चेंडू सात) आणि चौथ्याने आमच्या वाडीतल्या प्रत्येक वरातीला नाचवलं. तारखेवरून स्वभाव सांगणाऱ्या ज्योतिषाने या चौघांचा एकच स्वभाव सांगून दाखवावा. पोरांना पाटलांचं षटक आवडेल, गुलजार त्यांच्या आयांना.

वाघोटनचो झील
तिकीट गावलां काय?

दादरचा चाकरमानी
वेटिंग ११२.

खाडीकाठचा मास्तर
आज लिहिलं. ग्रहण पांढऱ्या खडूने, जान्सेनचं गुंटूर पांढऱ्या खडूने. खाली रंगीत खडूने: 'आपल्या विजयदुर्गावर लॉकियर – २२ जानेवारी १८९८.' पाटलांच्या षटकाचे सातही चेंडू आकृतीसकट काढले, त्यात पहिला तास गेला. पाऊस गेल्या वर्षीइतकाच.

ती मुलगी आता आठवीत आहे. मधल्या सुट्टीत मुद्दाम येऊन वाचून गेली. जाताना म्हणाली, "म्हणजे सर, आठ वर्षं चुकीचंच लिहिलं होतं?"

म्हटलं, "सातच. एका वर्षी गळतीने फळाच पुसला होता."