भूलभुलैया नव्हे, एकवाट

गावच्या उद्यानात 'मेंदीच्या कुंपणाची भूलभुलैया' करून गावाचा इतिहास मांडायची सूचना आली आहे. भूलभुलैयात फाटे असतात, माणूस वाट शोधण्यातच गुंततो. पाट्या वाचणार कोण? स्मारकाला एकच वाट असलेला चक्रव्यूह बरा. बॉस्टनच्या आर्मेनियन हेरिटेज पार्कात (२०१२) असाच आहे: हिरवळीत ग्रॅनाइटची वळणदार वाट आणि मध्यभागी कारंजं. कुंपण नसल्यामुळे लहान मूल कुठूनही दिसतं.

आखणी सोपी आहे. मध्ये अधिकचं चिन्ह, चारही कोनांत एकेक काटकोन, त्यांच्या बाहेर चार कोपऱ्यांत ठिपके. अधिकचं वरचं टोक उजवीकडच्या वरच्या काटकोनाच्या वरच्या टोकाला कमानीने जोडा. मग डावीकडचं पुढचं टोक उजवीकडच्या पुढच्या टोकाला, असं करत आठ कमानी. ठिपके धरून सोळाही टोकं वापरली गेली पाहिजेत. एक जरी सुटलं तरी पुढच्या सगळ्या कमानी सरकतात आणि वाट मध्येच बंद पडते. म्हणून आधी चुन्याने आखा, रेषांच्या मधून चालून बघा, मगच फरशी.

अशा सात फेऱ्यांच्या आकृतीची रुंदी वाटेच्या साधारण पंधरा पट होते. व्हीलचेअरसाठी वाट ९० सेंमी धरली, तर साडेतेरा मीटर मोकळी जागा हवी. फरशी हिरवळीच्या पातळीतच बसवा. वर राहिली की ठेच, खाली गेली की पावसात डबकं.

इतिहासाच्या पाट्या वळणांवर नकोत, तिथे मागच्यांची कोंडी होते. बाहेरच्या कडेला लावा.