स्विमिंग पूलच्या कुंपणाला सूट कशासाठी?

वेस्टमीडकर
भाचीने मेलबर्नला घर पाहिलंय. मागे १९८९ चा स्विमिंग पूल. स्वयंपाकघराचं दार थेट पूलकडे उघडतं, मध्ये कुंपण नाही. दाराला दीड मीटरवर खिटी आहे आणि पूल एप्रिल १९९१ च्या आधीचा, म्हणून व्हिक्टोरियात हे चालतं. हेच घर ब्रिस्बेनला असतं तर चाललं नसतं. आमच्या न्यू साऊथ वेल्समध्येही ऑगस्ट १९९० पूर्वीच्या बऱ्याच पूलना घराची भिंतच कुंपण म्हणून चालते.
दीड-दोन वर्षांचं मूल बुडतं ते बहुतेकदा स्वतःच्याच घरातून पाण्याकडे जाऊन. चारही बाजूंनी वेगळं केलेलं कुंपण तीन बाजूंच्या (चौथी बाजू घराची) कुंपणापेक्षा जास्त जीव वाचवतं, हे अभ्यासांतून दिसून आलेलं आहे. मग पूल कधी बांधला यावर सूट का? देशभर एकच नियम हवा, असं माझं ठाम मत आहे.

टार्नीटकर
ताई, काळजी पटते, मागणी पटत नाही. ज्याने तेव्हाच्या कायद्याप्रमाणे बांधलं, त्याला तीस वर्षांनी "आता सगळं उखड" म्हणायचं? छोट्या अंगणात पूल आणि घर यांच्यात कुंपणाला जागाच नसते. आणि इथे व्हिक्टोरियात मोकळं रान नाही. २०१९ पासून कौन्सिलकडे, म्हणजे स्थानिक पालिकेकडे, नोंदणी सक्तीची आहे, दर चार वर्षांनी कुंपण नियमात असल्याचा दाखला द्यावा लागतो. पूल ज्या काळातला, त्या काळाच्या नियमाने तपासायचा, हेच न्याय्य आहे.

ब्रिस्बेनकर
आमच्या क्वीन्सलँडने नेमकं ताईंचं म्हणणं करून दाखवलं. डिसेंबर २०१० पासून पाच वर्षांची मुदत दिली आणि जुने-नवे सगळे पूल एकाच नियमाखाली आणले. आभाळ कोसळलं नाही. आमचाही पूल जुनाच. साधं ॲल्युमिनियमचं कुंपण घातलं, काचेचंच हवं असा कुठे नियम नाही.

पर्थवाली
तुम्ही सगळे कायद्यावर भांडताय, माझी भीती गेटची आहे. बार्बेक्यूला माणसं जमली, ट्रे घेऊन ये-जा सुरू झाली की कुणीतरी गेटला वीट लावतंच. आमच्याकडे कौन्सिल किमान चार वर्षांतून एकदा तपासायला येते. मधल्या काळात बिजागरीची स्प्रिंग ढिली पडते, गेट लागल्यासारखं दिसतं पण खिटी बसत नाही. नियम आणखी कडक करून यात काय फरक पडणार? गेट वीतभर उघडून सोडून बघा. आपोआप मिटून खिटी अडकली नाही तर त्याच दिवशी दुरुस्त करा.

वेस्टमीडकर
अगदी खरं. पण गेट असेल तर ते बिघडणार ना! भाचीच्या त्या घरात गेटच नाही.

भाडेकरू_सिडनी
आमच्यासारख्यांचंही ऐका. इथे पूल असलेलं घर भाड्याने देताना दाखला लागतो, तो तीन वर्षं चालतो. आमच्या घराचा दाखला चोख होता, पण कुंपणाला टेकून मातीची मोठी कुंडी होती. तीवर पाय ठेवून चार वर्षांचं पोर सहज पलीकडे जाईल. कुंपणाभोवती ९०० मिलिमीटरमध्ये पाय देण्यासारखं काही नको, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि उन्हाळ्यात दुकानातून आणलेला फुगवायचा पूलही ३०० मिलिमीटरहून खोल भरू शकत असेल तर त्याला कुंपण लागतं. आपल्या किती जणांना माहीत आहे?

टार्नीटकर
हेच म्हणतोय, आधी माहिती द्या. आणि कुंपण हा एकच उपाय का? फ्रान्समध्ये कुंपण, अलार्म, आच्छादन किंवा छप्पर यांपैकी एक पुरतं. जागा नसलेल्यांना तशी मुभा द्या.

ब्रिस्बेनकर
दादा, पाण्यातला अलार्म मूल पाण्यात पडल्यावर वाजतो. तो ऐकून धावत येणारं माणूस घरात हवं, आणि आच्छादन प्रत्येक वेळी आठवणीने ओढायला हवं. कुंपण कुणाच्या आठवणीवर चालत नाही.

पुणेरी_आजोबा
इकडे लोणावळा-अलिबागला पूलवाले बंगले सुट्टीसाठी घेतात. आम्ही राहिलो तिथे व्हरांड्याच्या पायरीखाली थेट पाणी होतं. नात होती म्हणून आम्ही पाळीपाळीने बसून राहिलो. तुमच्याकडे निदान वाद घालण्यापुरता कायदा आहे.

टार्नीटकर
ब्रिस्बेनकर, अलार्मचा मुद्दा मान्य. तरी सरसकट सक्ती नकोच. घर विकताना नव्या मालकाला नवा नियम लावा, हवं तर. राहत्या म्हाताऱ्या जोडप्याला नको.

वेस्टमीडकर
त्या जोडप्याकडेही सुट्टीत नातवंडं येतात. विक्रीच्या वेळी तरी लावा म्हणता, तेवढ्यावर मी आज तुमच्या बाजूने सही करेन. भाचीला सांगितलंय, कुंपणाचा खर्च किमतीतून वजा करून मागायचा, नाहीतर ते घर सोडायचं.