टॉम आधी जास्पर होता?

म्हापशाचा मामा: काल संध्याकाळी वीज गेली म्हणून भाचीला मोबाइलवर टॉम-जेरीचा एक जुनाट भाग लावून दिला. मांजर केसाळ, भुवया दाट, नि घरातली बाई त्याला चक्क 'जास्पर' म्हणून ओरडते! भाची म्हणते, "मामा, हा डुप्लिकेट." खरं काय?

फोंडेकरीण: डुप्लिकेट कसला, तोच मूळपुरुष! १९४० चा पहिला लघुपट तो. त्यात उंदराला पडद्यावर नावच नाही. टॉम आणि जेरी ही नावं १९४१ च्या दुसऱ्या लघुपटापासून.

साष्टीकार: डिस्नेच्या गूफी कुत्र्याची गंमत याहून भारी. १९३२ साली तो मिकीच्या कार्यक्रमात प्रेक्षकांत बसलेला दाढीवाला म्हातारा होता. कचाकचा शेंगदाणे खायचे आणि खो-खो हसायचं, एवढंच काम! नाव डिपी डॉग. पुढे दाढी गेली, वय उतरलं. हसणं मात्र राहिलं. आवाज पिंटो कोल्विगचा. आपल्या बार्देशातला पिंटो नव्हे हां, त्या अमेरिकन माणसाचं ते टोपणनाव.

म्हापशाचा मामा: देव बरें करूं! भाची आता घरच्या बोक्याला जास्पर म्हणते. बांगड्याचं डोकं दाखवल्याशिवाय तो ढुंकून बघत नाही.