एक दिवस पुरत नाही
अंबाबाई, मिसळ आणि पन्हाळा झाला की कोल्हापूर संपलं, असं वर दोघांनी लिहिलंय. पन्हाळ्याबद्दल मान्य, पण बाकी अजिबात पटलं नाही. बरीच शहरं फिरलोय, तरी आमच्या गंगावेशीतल्या दूध कट्ट्यासारखं काही कुठे दिसलं नाही. संध्याकाळी म्हैस समोर उभी असते, तिथंच धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात.

आणि दुसरा दिवस खिद्रापूरला द्याच. कृष्णाकाठचं कोपेश्वराचं देऊळ, त्याच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि मधोमध गोल उघडं छत. शिवाचं देऊळ असून समोर नंदी नाही. पावसाळ्यात मात्र आधी चौकशी करा, शिरोळ तालुक्यात पुराने रस्ते बंद होतात.