टूमस्टोन: नाव आधी कुणाला पडलं, आणि गाव पाण्यापासून लांब का?

कोरडवाट: ॲरिझोनातल्या टूमस्टोनचा अभ्यास करतोय. नाव आधी खाणीचं की गावाचं? चांदी गावाशेजारी, मग खनिज कुटण्याच्या गिरण्या सॅन पेड्रो नदीवर का? आणि घरांच्या जागांवरून एवढा तंटा कशासाठी झाला?

खनिजवेडा: नाव आधी खाणीच्या दाव्याला, म्हणजे खणण्याचा हक्क सांगून आखलेल्या जमिनीच्या पट्ट्याला पडलं. 1877 साली एड शिफेलिन वाचूका लष्करी तळाच्या परिसरात एकटा चांदी शोधत हिंडत होता. मुलूख अपाची या मूळनिवासी जमातीचा. ‘तिथं दगड मिळेल तो तुझ्या थडग्याचा’ असं शिपाई म्हणाले, आणि त्यानं पहिल्या दाव्याला तेच नाव दिलं: टूमस्टोन, म्हणजे थडग्याचा दगड. नमुने खनिजपारखी रिचर्ड गर्डनं तपासले. टनाला सुमारे 2000 डॉलर निघाले. मग 1878 मध्ये खाण-जिल्ह्याला आणि 1879 मध्ये गावाला तेच नाव लागलं. भरभराट मात्र टफनट, लकी कस, कंटेन्शन या खाणींनी आणली.

गिरण्यांचं कारण पाणी. तिथलं खनिज पाण्यात कुटून, चांदी वेगळी काढायला त्या गाळात पारा मिसळत, म्हणजे पाणी अखंड हवं. माळावर ते नव्हतं, म्हणून खेचरगाड्यांनी खनिज नदीवर न्यायचं. गावात पाणी विकत मिळे, त्यामुळे जून 1881 ची आग आवरली नाही. वाचूका डोंगरातून वीस मैलांहून लांब नळ आला तो 1882 मध्ये. उलट खाणींत 1881 मध्येच सुमारे 520 फुटांवर पाणी लागलं होतं. उपसा पंपांवर आला, आणि 1886 मध्ये ग्रँड सेंट्रलचा पंप जळाल्यावर खाणी बुडत गेल्या. गाव ओस पडत गेलं ते यामुळे, ज्यांसाठी ते प्रसिद्ध आहे त्या गोळीबारांमुळे नव्हे.

मोजणीदार: जागांचं सांगतो. मार्च 1879 मध्ये गूज फ्लॅट्स माळावर गावठाणाची आखणी झाली. 1867 च्या कायद्यानं जमिनीची सरकारी सनद गावाच्या कारभाऱ्यांच्या नावे निघे, पण विश्वस्त म्हणून. जागा वहिवाटदारांना द्यायच्या असत. इथं 1880 मध्ये महापौर ऑल्डर रँडॉलनं सनद मिळताच जागा गावठाण कंपनीला लिहून दिल्या. ज्यांनी आधीच घरं बांधली होती त्यांच्याकडून कंपनी पुन्हा पैसे मागू लागली. कुणी दुसऱ्याच्या जागेत घुसून बसलं. याच प्रश्नावर जानेवारी 1881 मध्ये जॉन क्लम महापौर झाला. हा उघड विश्वासघात होता, असं माझं ठाम मत आहे.

त्यात खाणींचे दावे गावठाणावर चढलेले. 1872 च्या कायद्यानं एक दावा 1500 फूट लांब, 600 फूट रुंद असू शकतो. नकाशावर तो पट्टा ओढल्याशिवाय कुठलीही वादग्रस्त जागा समजणार नाही.

कोरडवाट: जुने दस्त कुठं शोधावेत?

मोजणीदार: तारीख पाहा. टूमस्टोन जिथं येतं ती कोचीस काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) फेब्रुवारी 1881 मध्ये पिमा काउंटीपासून वेगळी झाली. त्याआधीची नोंदणी पिमाची, म्हणजे टूसॉनची. नंतरच्यासाठी बिस्बी, काउंटीचं ठाणं 1929 मध्ये टूमस्टोनहून तिकडे गेलं.