बढतीसाठी क्यूसी सोडून क्यूएत जावं का?

फोंडेकरीण: गोव्यात वेर्ण्यातल्या एका औषध कंपनीत क्यूसीत, म्हणजे औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) आणि स्टॅबिलिटी (औषध किती टिकतं त्याची चाचणी) माझ्याकडे. आमच्याकडे वरची जागा एकच, सेक्शन इन्चार्जची, आणि ते सर इतक्यात निवृत्त होणार नाहीत. आता क्यूएत, म्हणजे कागदपत्रं आणि पद्धती तपासून बॅच मंजूर करणाऱ्या विभागात, असिस्टंट मॅनेजरची जागा निघालीय. तिथल्या हेडनी स्वतःहून विचारलं. माझे साहेब म्हणतात, थांब, पुढच्या अप्रेझलला बघू. हे 'बघू' याआधीही ऐकलंय. माझं मन जायच्या बाजूने आहे. पण प्रयोगशाळेतलं काम मला खरंच आवडतं, म्हणून अडकलेय. या क्षेत्रातल्या लोकांनी स्पष्ट बोलावं.

कुंडईवाला: जा. वरची जागा भरलेली असताना तुमच्या चांगल्या कामाचा उपयोग फक्त साहेबांना होतो. शिवाय वारं क्यूएच्या बाजूने आहे. सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे सरकारी उत्पादन-नियम, डिसेंबर २०२३ मध्ये आलं. २५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना नंतर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदतवाढही मिळाली. रिस्क मॅनेजमेंट, दरवर्षीचा प्रॉडक्ट क्वालिटी रिव्ह्यू, पुरवठादारांची तपासणी हे सगळं आता लेखी दाखवावं लागतं आणि ते बहुतेक क्यूएच्याच टेबलावर येतं. माणसं तिथेच लागणार.

जुना केमिस्ट: मी पूर्ण विरोधात आहे. ताई, तुमचं नाव अप्रूव्हड केमिस्ट म्हणून कंपनीच्या लायसन्सवर आहे का? असेल तर ती साधी गोष्ट नाही. बांबोळीच्या एफडीए (अन्न व औषध प्रशासन) कार्यालयाने तुमचं शिक्षण आणि अनुभव बघून ती मान्यता दिलेली असते. क्यूएत गेलात की तिचा रोजचा उपयोग संपला. काही वर्षांनी नोकरी बदलायची वेळ आली, तर समोरचा विचारणार, 'शेवटचं इन्स्ट्रुमेंट कधी चालवलं?' चाचणीची मेथड बसवणं, ओओएसचं (निकाल मर्यादेबाहेर जाण्याचं) मूळ शोधणं हे हात चालू असेपर्यंतच जमतं. आणि ती जागा रिकामी का झाली, हे विचारलंत का?

फोंडेकरीण: आहे, नाव लायसन्सवर आहे. पण दादा, दुसऱ्या कंपनीत गेले तर तिथल्या लायसन्सवर नाव नव्याने घालावंच लागतं. जागेचं विचारलं. आधीचे हैदराबादला गेले, त्यांच्या आधीचे हिमाचलमधल्या बद्दीला.

जुना केमिस्ट: दोघंही कंपनी सोडूनच गेले. मला याचीच काळजी वाटते. अमेरिकन एफडीएचा ४८३ (तपासणीत दिसलेल्या त्रुटींचा फॉर्म) आला की १५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. ते उत्तर क्यूए लिहितं, सही क्यूएची, आणि चूक मात्र शॉप फ्लोअरवर किंवा लॅबमध्ये झालेली असते. दुसऱ्याच्या कामावर आयुष्यभर सह्या करायच्या, हे तुमच्या स्वभावात बसतं का?

मडगावची आई: मी क्यूएत होते, म्हणून सांगते. महिनाअखेरीला डिस्पॅच अडलं की बॅच रिलीज होईपर्यंत जागचं हलता येत नाही. कंपनीची बस निघून जाते आणि तुम्ही बोरीच्या पुलावर रात्री वाहनांच्या रांगेत. गणेश चवथ महिन्याच्या शेवटाला आली की रजेचं नाव काढायची सोय नाही. घरात लहान मूल असेल तर नीट विचार करा.

कुंडईवाला: जागा एखाद्या पुरुषाला मिळत असती तर मुलाचा प्रश्न कोणी काढला असता का? क्यूसीतही सेकंड शिफ्ट असतेच.

मडगावची आई: पुरुषांनाही विचारायला हवाच. पण घरी वाट कोण बघतं ते मला माहीत आहे. म्हणून बोलले, थांबवायला नाही.

एचआरमधली: हो-नाही नंतर ठरवा, आधी पत्र बघा. तोंडी बढतीवर डेस्क हलवू नका. 'आधी ये, ग्रेड एप्रिलमध्ये करू' असं म्हणाले तर ती बदली झाली, बढती नव्हे. पत्रात पद, ग्रेड, लागू होण्याची तारीख आणि बेसिक (मूळ पगार) किती, हे हवं. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) फुगवून बेसिक तेवढंच ठेवतात. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर निघते (नोव्हेंबर २०२५ पर्यंत ते फक्त बेसिक आणि डीए, म्हणजे महागाई भत्ता, धरत), सेवेच्या दर वर्षाला १५ दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा धरून. त्याच कंपनीत विभाग बदलला तर सेवा खंडित होत नाही. पण क्यूए भगिनी कंपनीच्या नावावर असेल आणि नवं नियुक्तिपत्र देत असतील, तर जुनी सेवा धरणार असं लिहून घ्या. प्रोबेशन पुन्हा लावताहेत का, तेही बघा.

जुना केमिस्ट: हे पटलं. पण पत्र चोख असलं तरी माझं मत तेच. क्यूसीतच राहून मेथड डेव्हलपमेंटकडे सरकता येतं का, ते आधी बघा.

फोंडेकरीण: ते बघितलं दादा, आमच्या प्लांटला तो विभागच नाही. राहिले तर तीच सॅम्पलं, ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेचे तेच चेंबर. सह्यांबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ओओएसच्या तपासात क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचा आलेख) स्वतः वाचू शकणारं माणूस क्यूएत बसलं, तर 'ॲनालिस्टची चूक' असं लिहून फाइल मिटवणं थांबेल. हे मला करायचंय. जुळलं तर जाणार. हेडना आज पत्राचा मसुदा मागितलाय. सध्याच्या साहेबांना कोणी सांगायचं, मी की क्यूए हेडनी?

एचआरमधली: तुम्ही. मसुदा हातात आला की त्याच दिवशी, हेड बोलायच्या आधी. आणि स्टॅबिलिटीचं हँडओव्हर कोणाला देणार, ते नाव घेऊनच केबिनमध्ये जा.