मोजपट्टी नाही, रंधा नाही, मग जुने लोक धनुष्य दोन्हीकडून सारखं कसं वाकवायचे?

रानवाट:
गेले चार महिने एकाच अखंड लाकडातून धनुष्य बनवायच्या मागे लागलोय. दोन झाली, दोन्ही फसली. दुसऱ्याच्या वेळी तर मी दर पाच सेंटिमीटरवर कॅलिपर लावून जाडी मोजली, वरची बाजू आणि खालची बाजू पार अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जुळवली, आणि दोरी चढवून ओढलं तर वरची बाजू मध्येच कोपरासारखी दुमडतेय आणि खालची ताठच्या ताठ. तेव्हापासून डोक्यात हाच विचार की ज्यांच्याकडे कॅलिपर सोडा, लोखंडसुद्धा नव्हतं, नुसता दगड, हाड आणि विस्तव, ते दोन्ही बाजूंचा तोल साधायचे कसे? हजारो वर्षं त्या धनुष्यांवर माणसं जगली म्हणजे ती चालत होतीच ना. त्यांची पद्धत नेमकी काय होती ते कुणाला माहीत असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

लाकूडनस:
तू जाडी जुळवलीस तिथेच गडबड झाली. हिशोब बघ, रुंदी निम्मी केली तर ताठपणा निम्मा होतो पण जाडी निम्मी केली तर आठवा हिस्साच उरतो. म्हणजे १२ मिलिमीटरच्या जाडीत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी ताठपणात १२ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. आणि हे लाकूड सगळीकडे सारखं आहे असं धरून, जे ते कधीच नसतं. एकीकडे नस, म्हणजे लाकडातले उभे तंतू, दाट, दुसरीकडे विरळ, कुठे गाठ, कुठे जरा पीळ. त्यामुळे जुळवायचा तो बाक, जाडी नाही. जुन्या लोकांकडे मोजायला काही नव्हतं म्हणून ते थेट बाकच बघायचे, आणि खरं सांगायचं तर बघायची गोष्ट तीच आहे.

दुसरं म्हणजे त्यांचं अर्धं काम लाकूड फोडतानाच व्हायचं. करवत नाही, म्हणून शिंगाच्या किंवा लाकडाच्या पाचरी ठोकून खोड उभं फोडायचं, आणि पाचरीने फुटलेलं लाकूड आपल्या नसेनेच फुटतं, करवतीसारखं नस तोडत नाही. मग सालीच्या लगेच खालचा भाग ही धनुष्याची पाठ, म्हणजे ओढताना आपल्यापासून लांब असते ती बाजू. तिला हात लावायचा नाही. एक वाढीचं वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिलं पाहिजे, कारण सगळा ताण तिथे येतो आणि तुटलेल्या नसेपासूनच चीर सुरू होते. जे काही खरवडायचं ते पोटाकडून, म्हणजे ओढणाऱ्याकडे तोंड असलेल्या बाजूने. डेन्मार्कमधल्या होल्मगार्डच्या दलदलीत एल्मच्या लाकडाची धनुष्यं सापडलीत, सुमारे ९००० वर्षांपूर्वीची, ती बारीक खोडातून अशीच काढलेली आहेत, मूठ अरुंद आणि जाड, बाजू रुंद आणि चपट्या. म्हणजे कुठे वाकायचं आणि कुठे नाही हे तेव्हाच्या माणसाला पक्कं कळत होतं.

बाक बघायची सुरुवात दोरीशिवाय होते. एक टोक जमिनीवर टेकवायचं, मूठ धरून पुढे दाबायचं, ती बाजू कशी वळतेय ते बघायचं, मग उलटं करून दुसरी. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून मुठीपासून टोकाकडे सावकाश सरकत जायचं, फुगवटा किंवा खड्डा बोटाला आधी कळतो आणि डोळ्याला नंतर. मी डोळे मिटून करतो, करून बघ.

गारगोटी:
वरचं पटलंच, हत्यारांबद्दल थोडी भर घालतो. आपल्याला वाटतं दगडाने हे काम अवघड, पण शेवटच्या टप्प्यात दगड चांगला पडतो. गारगोटी किंवा ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच, तिची ताजी फोडलेली धार लाकडावर आडवी ओढली की पिठासारखा बारीक कीस निघतो, एका फटक्यात चूक होण्याइतकं लाकूड जातच नाही. कानस मात्र दोन मिनिटांत होत्याचं नव्हतं करते. अ‍ॅमेझॉनमधले यानोमामी लोक ताडाच्या कडक लाकडाचं धनुष्य पेकारी या रानडुकरासारख्या जनावराच्या जबड्याने तासतात, दात जाग्यावरच ठेवून, रंध्यासारखं. उत्तर अमेरिकेत गुळगुळीत करायला हॉर्सटेल नावाची नळीसारखी वनस्पती वापरायचे, तिच्या अंगात सिलिका असते त्यामुळे सँडपेपरचं काम होतं.

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातली गोष्ट तर मला फारच आवडते. तिथे जिवंत जुनिपरच्या खोडावर सरळ नसेची जागा हेरून वर आणि खाली आडव्या खाचा पाडायचे आणि मधली पट्टी झाडावरच वाळू द्यायचे, मग पाचरी घालून सुटी करायची. झाड मरायचं नाही, जखम भरून आली की पुढे तिथूनच परत पट्टी मिळायची. त्या वणांची झाडं आजही उभी आहेत.

आणि इशीबद्दल वाचलं नसशील तर जरूर वाच. 'याही' नावाच्या अमेरिकन आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस, १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलला लोकांसमोर आला, १९१६ ला वारला. मधल्या काळात सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरने त्याच्याकडे बसून सगळं शिकून लिहून ठेवलं. तो जुनिपर वापरायचा आणि लांबीचं माप स्वतःच्या अंगावरच, आडव्या पसरलेल्या हातापासून विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत. टोकं तापलेल्या दगडावर वळवायचा, पाठीवर जनावराचे स्नायुतंतू चिकटवायचा. धनुष्य दोरी चढवून किंवा उभं करून ठेवलं तर ते दमतं, त्याला घाम येतो असं तो मानायचा. लाकूड ताणाखाली राहिलं की कायमचा बाक धरतं हे आपल्यालाही माहीत आहे, त्याने ते किती जिवंतपणे सांगितलंय.

रानवाट:
बापरे, एवढं कुणीच सांगितलं नव्हतं, मनापासून थँक्स दोघांना. आता माझं दुसरं धनुष्य अजून तुटलेलं नाहीये, त्या कोपऱ्यात पोटाच्या बाजूला बारीक आडव्या सुरकुत्या दिसायला लागल्यात. ते वाचेल का? आणि विस्तवाचा यात नेमका काय उपयोग?

ओढ:
सुरकुत्या म्हणजे तिथलं लाकूड चेपलं गेलंय, ते परत पहिल्यासारखं होत नाही. ताबडतोब ओढणं थांबव. कमी जोराचं धनुष्य चालणार असेल तर वाचव, नाहीतर शिकायला ठेव. अशक्त जागेला अजिबात हात लावायचा नाही, तिच्या दोन्ही अंगांनी जे ताठ आहे ते खरवडत जायचं, म्हणजे बाक तिथून पसरतो, आणि मग खालची पूर्ण बाजू तिच्याबरोबरीला उतरवायची. दोष दिसत असताना त्याच्यापुढे एक बोटभरही ओढायचं नाही, हा नियम पाळला असतास तर कोपरा झाला नसता.

विस्तव दोन कामांना. लाकूड चांगलं तापलं की वेडावाकडा बाक आणि पीळ सरळ करता येतो, गार होईपर्यंत धरून ठेवायचं. आणि वाळलेल्या लाकडाचं पोट निखाऱ्यांवर धीराने शेकलं की ते कडक होतं, चेपणं कमी होतं. ओलं लाकूड घाईने शेकलंस तर तडकेल.

एका गोष्टीत मात्र माझं मत वेगळं आहे. दोन्ही बाजू सारख्या असं सगळे म्हणतात पण बऱ्याच ठिकाणी त्या मुद्दाम सारख्या नसतात. जपानी लाकडी धनुष्यांची खालची बाजू आखूड आणि वरची लांब असायची हे ३ऱ्या शतकातल्या चिनी नोंदीतसुद्धा आहे. आपल्या साध्या धनुष्यातही हात मधोमध नसून जरा खाली येतो म्हणून खालची बाजू किंचित ताठ ठेवतात. तोल म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी परत आल्या पाहिजेत, आरशातल्यासारख्या दिसल्या पाहिजेत असं नाही.

आल्प्सच्या बर्फात ज्याचं गोठलेलं प्रेत सापडलं त्या ओट्झी नावाच्या माणसाचं बघ, १९९१ ला मिळाला, ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळचं यू नावाच्या झाडाच्या लाकडाचं धनुष्य १.८२ मीटर लांब आणि अर्धवटच आहे, दोरीच्या खाचासुद्धा नाहीत, अंगावर तासल्याच्या खुणा तशाच आहेत. मला तो फोटो बघितला की कळतं की तासणं वेगळं आणि तोल साधणं वेगळं, त्याचं हे दुसरं काम राहून गेलं.

रानवाट:
खालची बाजू ताठ ठेवायचं मला माहीतच नव्हतं. एक शेवटचं, खरवडल्यावर किती वेळा वाकवून बघायचं?

ओढ:
वीस-तीस वेळा तरी, जेवढं आत्तापर्यंत ओढलंय तेवढंच. लाकूड ताज्या खरवडीला लगेच जागत नाही, दहाव्या-पंधराव्या ओढीनंतर बाक बदललेला दिसतो. नवशिके न थांबता आणखी खरवडतात आणि तिथेच कोपरा होतो.